हसण्याचा टेक

१

सकाळी नऊला स्टुडिओ उघडायचा, खोली झाडायची, कॅमेऱ्याला अगरबत्ती ओवाळायची आणि कॉम्प्युटर चालू करून खालच्या टपरीवाल्याला खिडकीतून दोन बोटं दाखवायची. एक चहा माझा, एक अंगदचा. सात वर्षं हा नेम चाललाय. अंगद येवो न येवो, चहा दोनच. तो आला नाही की दुसराही मीच पितो. त्यापायी ॲसिडिटी झाली, पण बोटं काही एकावर आली नाहीत.

स्टुडिओ म्हणजे केजच्या बसस्टँडपुढे, एका बी-बियाण्याच्या दुकानावरची दहा बाय बाराची खोली. लग्नसराईत लग्नं करतो. उरलेल्या दिवसांत आमचं यूट्यूब चॅनेल. कॅमेरा माझा, एडिटिंग माझं, लिखाण माझं. तोंड अंगदचं.

अंगद वडवणीकडच्या एका वस्तीवरचा. आई-बाप दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे, म्हणून हा केजच्या वसतिगृहात, आणि पाचवीपासून माझ्या बाकावर. अभ्यासात मी पुढं होतो, हे सांगून ठेवतो. कारण हल्ली ते कुणाला खरं वाटत नाही.

त्याला येतं काय, तर हसता येतं. बस. आधी आवाजच नसतो, नुसते खांदे हलतात. मग विहिरीवरचं डिझेल इंजिन धरतं तसं दोन-तीनदा फुकफुक, आणि मग एकदम सुटतं. पाच-सहा लाख माणसं ते हसणं ऐकायला येतात. लोकांनी ते मोबाइलची रिंगटोन केलंय. मी लिहिलेला एकही डायलॉग कुणी रिंगटोन केलेला नाही.

मागच्या उन्हाळ्यात आष्टीला एका लग्नात नवरदेवाच्या काकांनी माझ्या हातात मोबाइल दिला. म्हणाले, "ए फोटोवाले, अंगदरावासंगं आमचा एक काढा बरं." मी काढला. हलू दिला नाही, नीट काढला. मी वाईट माणूस नाही, एवढंच म्हणायचंय.

यंदा आम्ही पहिला मोठा पिक्चर करायला घेतला. कॉमेडी नाही. सायकॉलॉजिकल थ्रिलर. दोन मित्र असतात. एक पुढं जातो, दुसरा आतल्या आत जळतो आणि शेवटी त्याला मारतो. गोष्ट माझीच. वाचून झाल्यावर अंगद माझ्याकडं बघत राहिला आणि म्हणाला, "ही कुणाची स्टोरी हाय बे, पंड्या?"

सगळे हसले. मीही हसलो.

२

मेल्याचा सीन डिसेंबरात घेतला, वडवणीच्या अलीकडं एका कोरड्या नदीत. दुपारचे अडीच. तिरडी बांधली ती सटवामामानं. सटवामामा आमचा मेकअपवाला. साठीचा माणूस, चाळीस वर्षं तमाशाच्या फडात राजापासून राक्षसापर्यंत सगळ्यांची तोंडं रंगवलेली. बोलतो कमी, तंबाखू मळतो जास्त.

त्याचा एक नियम होता आणि तो आम्ही पहिल्या दिवसापासून पाळत आलेलो. मेल्याचं सोंग घेतलेल्यानं सीन संपला की तिथंच उठून बसायचं, कॅमेऱ्यात बघायचं आणि हसायचं. तोवर कॅमेरा बंद करायचा नाही. "मरण ज्या डब्यात गेलं, हसणं बी त्याच डब्यात गेलं पायजे," एवढंच तो म्हणायचा. डबा म्हणजे कॅमेरा. का म्हणून, ते आम्ही विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. आमच्या कॉमेडीत अंगद कशानं ना कशानं मरतोच, त्यामुळं माझ्याकडं असल्या हसण्याच्या चौदा क्लिपा जमल्या होत्या. त्या कशात वापरायच्या नसतात, फक्त ठेवायच्या असतात.

त्या दिवशी सकाळी मी लेन्स पुसत बसलो होतो. तिकडं सटवामामा अंगदच्या तोंडाला राखेसारखा रंग लावत होता. आमचा गाडीवाला मला म्हणाला, "भाऊ, आता अंगदभाऊ मुंबईला गेले म्हंजी आपलं चॅनेल बंद का?"

मी म्हटलं, "कोण मुंबईला गेलं?"

त्याचं तोंड एवढंसं झालं. मग कळलं, मुंबईच्या एका कंपनीनं अंगदला मोठ्या मालिकेत घेतलंय. आठवडा झाला. गाडीवाल्याला माहीत, सटवामामाला माहीत, जेवण आणणाऱ्या बाईला माहीत. पाचवीपासून एका बाकावर बसलेल्याला माहीत नाही.

मी लेन्स चढवली. फ्रेम लावली. पांढऱ्या कापडात गुंडाळलेला अंगद, कपाळावर गुलाल, नाकात कापूस, खाली कडबा. त्यानं काम इतकं चांगलं केलं की जेवण आणणारी बाई खरंच डोळे पुसायला लागली. मेला तरी लोकांना हाच आवडतो, हे माझ्या मनात आलं. आलं ते आलं.

सीन झाला. सटवामामा म्हणाला, "ऊठ लेकरा, हास आता."

आणि मी बटण दाबून कॅमेरा बंद केला.

बरेच दिवस मी स्वतःला सांगत होतो की बॅटरी गेली. बॅटरी सत्तर टक्के होती. मी मुद्दाम बंद केला. त्याची एक गोष्ट, एकच, माझ्या कॅमेऱ्यात जाऊ द्यायची नाही, असं त्या क्षणी वाटलं. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा विझला. अंगद उठून बसला, थेट लेन्समध्ये बघितलं, खांदे हलले, इंजिन धरलं आणि सुटलं. सगळी नदी हसली. सटवामामानं माझ्याकडं बघितलं. मी अंगठा वर केला, घेतलं म्हणून.

क्लिप चार मिनिटं बारा सेकंदांची झाली होती. आकडा मी डायरीत लिहिला. मी सगळ्या क्लिपांचे लिहितो.

३

चार दिवसांनी एडिटिंगला बसलो. सकाळचे साडेनऊ. खाली बियाण्याच्या दुकानात हमाल पोती टाकत होते. एकेक पोतं पडलं की माझी फरशी हलायची.

मेल्याची क्लिप उघडली. अकरा मिनिटं चाळीस सेकंद.

मी डायरी बघितली. चार-बारा. अक्षर माझंच. आता या धंद्यात घोळ होतात. एका नंबरच्या दोन फायली होतात, कार्ड खराब होतं, जुनं नव्यावर चढतं. म्हणून मी न घाबरता शेवटाकडं गेलो, पुढं काय चिकटलंय ते बघायला.

पुढं काहीच चिकटलं नव्हतं. तीच फ्रेम होती. चार-बाराला सटवामामाचा आवाज येतो, "ऊठ लेकरा, हास आता." इथं मी बटण दाबलेलं. इथं क्लिप संपायला पाहिजे. ती संपली नाही. अंगद उठलाही नाही. तो तसाच पडून राहिला, आणि क्लिप सात मिनिटं तशीच चालली. लांबून आमच्या माणसांचे आवाज येत होते. भांडी उचलल्याचा, गाडीचं दार लावल्याचा. कुणीतरी म्हणालं, "चला, आवरा." आणि कुणी त्याला उठवायला आलं नाही.

त्या दिवशी अंगद उठला होता. हसला होता. माझ्यासमोर दोन वाट्या रस्सा प्यायला होता. हे मी स्वतःशी दोनदा म्हटलं, मोठ्यानं.

मग मी एक शहाणपणा केला. जुन्या चौदांपैकी एक हसणं काढलं आणि या क्लिपच्या शेवटी जोडून टाकलं. गेलं एकदाचं एका डब्यात. कोण बघतंय?

दुसऱ्या दिवशी उघडलं तर जोडलेलं हसणं जागेवर होतं. पण त्याच्या आणि मरणाच्या मध्ये आणखी एकोणीस मिनिटं वाढली होती.

४

त्या आठवड्यात अंगद डबिंगला आला. उघड्यावर घेतलेला आवाज खराब येतो म्हणून डायलॉग आम्ही नंतर स्टुडिओत परत बोलून घेतो. भिंतींना गोधड्या लावायच्या, पंखा बंद, खिडकी बंद. खालून पोती पडायला लागली की थांबायचं.

टपरीवाला दोन चहा ठेवून गेला. अंगदनं स्वतःचा उचललाच नाही. गार झाला, वर साय आली. एरवी हा माणूस माझाही प्यायचा.

"बरं न्हाई का?" मी विचारलं.

"पाठ लई जड झालीय बे. खाली काहीतरी टोचतंय सारखं, कडब्यावानी. गादी बदलली, तरी तेच." मग तो म्हणाला, "ऊन लई हाय रे हितं."

खिडकी बंद होती. मला स्वेटर घालावासा वाटत होता, एवढी थंडी होती.

आम्ही सुरुवात केली. पहिल्या अर्ध्या भागातले साधे डायलॉग त्यानं नीट म्हटले. मग हसण्याचा डायलॉग आला. हॉटेलात दोन मित्र बसलेत आणि तो खळखळून हसतो, असा सीन. पडद्यावर अंगद हसत होता. माइकपुढचा अंगद त्याच्याकडं बघत होता.

"घे की," मी म्हटलं.

त्यानं तोंड उघडलं. खांदे हलायला पाहिजेत, ते हलले नाहीत. घशातून "हा, हा, हा" असं काहीतरी आलं, पाटीवरचं वाचल्यासारखं. पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. सहाव्या वेळी तो थांबला आणि म्हणाला, "येत न्हाई बे. कुठं गेलं काय म्हाईत."

खरं सांगू? मला भीती वाटायच्या आधी बरं वाटलं. अगदी थोडा वेळ. पण वाटलं. आणि मग मला माझीच किळस आली.

तो गेल्यावर मी क्लिप उघडली. एक तास दोन मिनिटं. आमची माणसं केव्हाच निघून गेली होती. नदीत कुणी नव्हतं, फक्त तिरडी, आणि सूर्य इतका सरकला होता की ऊन थेट त्याच्या तोंडावर आलं होतं.

५

मी ती फाइल पुसली. हार्ड डिस्कवरून पुसली, कार्डावरून पुसली, कॉम्प्युटरचा कचऱ्याचा डबाही रिकामा केला. दुसऱ्या सकाळी ती जागेवर होती. दीड तास.

याला कारण असणार. मी चॅनेलचा टेक्निकल माणूस आहे, मला कारण लागतं. कुणीतरी चेष्टा करतंय, असं धरून मी खोलीचं कुलूप बदललं. मग वाटलं, माझंच डोकं फिरलंय. लिहिताना मी त्या जळणाऱ्या मित्राच्या फार आत शिरलो असेन. म्हणून टपरीवाल्याला वर बोलावलं आणि क्लिप दाखवली. त्यानं हात धोतराला पुसत बघितली. म्हणाला, "हे बाबा कवाचं पडलंय उन्हात. उठवा की त्याला."

म्हणजे त्यालाही दिसत होतं.

मी हेडफोन लावून आवाज पूर्ण वाढवला. वारा. एखादी टिटवी. आणि त्याच्या खाली, माइकच्या अगदी जवळ, कुणाचा तरी श्वास. येताना साधा, जाताना नाकातून बारीक शिट्टी वाजवणारा. माझं नाक लहानपणी मोडलंय, तेव्हापासून ते वाजतं. वर्गात सगळे चिडवायचे, एकटा अंगद सोडून.

कॅमेऱ्यामागं अजून कुणीतरी उभं होतं. दीड तास. उन्हात पडलेल्या माणसाकडं बघत.

मी हेडफोन काढून फेकले आणि सटवामामाला फोन लावला. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. तिकडून तोच बोलला. "पंडित, अंगदला बरं न्हाई म्हणं. सुलाईन लावली, उतार न्हाई." मग त्यानं विचारलं, "त्या दिवशी हसणं घेतलं हुतंस ना रे?"

"घेतलं होतं, मामा."

"मंग ठीक हाय," तो म्हणाला, पण फोन ठेवला नाही. मीच ठेवला.

६

दोन दिवसांनी सकाळीच कॅमेरा घेऊन निघालो. धारूरचा घाट उतरताना मनाशी पक्कं केलं होतं, की अंगदला सगळं सांगायचं, त्याला हसवायचं, आणि ते त्याच कॅमेऱ्यात, त्याच कार्डावर घ्यायचं. तो उठला पाहिजे. बाकी मालिका करू दे, मुंबईला जाऊ दे, मला काही नको.

वस्तीवर सगळं शांत होतं. निम्म्या घरांना कुलपं, माणसं तोडीला गेलेली. अंगदचे आई-बापही तिकडंच, साताऱ्याकडच्या कुठल्याशा कारखान्यावर. घरी तो आणि धाकटी बहीण स्वप्नाली, ती बारावीला. तिनं पाणी दिलं आणि हळू आवाजात म्हणाली, "पंडितदादा, तुमी तरी बोला त्याच्याशी. सारखा म्हणतो, मला सावलीत न्या. सावलीतच हाय की तो."

अंगद ओसरीवर बाजेवर पडला होता. उताणा, हात अंगालगत सरळ. मला ती पोझ माहीत होती. फ्रेम मीच लावली होती. ऊन अंगणात होतं, चांगलं दहा हात लांब, तरी त्याच्या तोंडाची कातडी निघाली होती. उन्हानं निघते तशी.

मी बाजेशेजारी खाली बसलो. स्वप्नाली चहा टाकायला आत गेली.

"अंगद, एक सांगायचंय. त्या दिवशी तू हसलास, तेव्हा कॅमेरा..."

"बंद होता," तो म्हणाला.

मी कॅमेऱ्याची पिशवी बाजूला सरकवली.

"लाल दिवा इझला ना बे. मी समोरच पडलो हुतो. किलकिल्या डोळ्यानं बघत हुतो."

"मग तू हसलास कशाला? बोलला का नाहीस?"

"मला वाटलं, मी हसाय लागलो की तू लावशील परत." त्यानं मान माझ्याकडं वळवली. तेवढ्यालाही त्याला वेळ लागला. "मुंबईचं तुला सांगाय भ्यालो बे मी. माझं काई चांगलं झालं की तुझं तोंड पडतं. लई वर्षं बघतोय. मला बघवत न्हाई ते."

मला रडू आलं. लपवलं नाही. नाक वाजायला लागलं आणि त्या आवाजानं माझ्याच अंगावर काटा आला.

"आज हास," मी म्हटलं. "एकदा. मी घेतो. देवाशपथ घेतो."

"येईल का न्हाई म्हाईत न्हाई. येईलच तर एकच येईल, असं वाटतंय. तळाशी थोडं हाय काहीतरी." तो म्हणाला, "नीट घे मातर."

मी कॅमेरा तिकाटण्यावर लावला. फोकस केला, उजेड बघितला, फोकस पुन्हा तपासला. स्वप्नालीनं त्याला उठवून भिंतीला टेकवून बसवलं, केस विंचरले, सदऱ्याचं वरचं बटण लावलं. मी म्हटलं, "रेडी." बटण दाबलं. लाल दिवा मी डोळ्यांनी बघितला होता.

अंगदनं थेट लेन्समध्ये बघितलं. बराच वेळ काही झालं नाही. मग खांदे हलले. स्वप्नालीनं तोंडावर हात घेतला. फुक, फुक, आणि सुटलं. पहिल्यासारखं, त्याहून मोठं. कुलूप लावलेल्या घरांवरून फिरून परत आलं. स्वप्नाली हसता हसता रडत होती. शेजारची एक म्हातारी बघायला आली आणि तीही हसायला लागली, कशाला ते तिलाही माहीत नव्हतं.

माझं काय झालं म्हणता? माझ्या मनात ते जुनं उठलं. बघ, मरायला टेकलाय तरी सगळ्यांना हाच हवा. फक्त एवढंच वाटलं. मी काही केलं नाही. मी कॅमेऱ्याला हातही लावला नाही. मला तरी तसंच आठवतंय.

हसणं हळूहळू थांबलं. मी बटण दाबलं. अंगद म्हणाला, "झोपू आता?" आणि आडवा झाला. मी त्याचे पाय चेपले, जरा वेळ बसलो. निघालो तेव्हा तो गाढ झोपला होता. किती हलकं वाटलं म्हणून सांगू. घाट चढताना मी गाणं म्हणत होतो.

७

स्टुडिओत आलो तेव्हा चार वाजले होते. कार्ड लावलं.

पहिली क्लिप. अंगद भिंतीला टेकून बसलाय, स्वप्नाली केस विंचरतेय, बटण लावतेय. माझा आवाज, "रेडी." संपली.

दुसरी क्लिप. अंगद म्हणतो, "झोपू आता?"

मधलं नाही.

कॅमेरावाल्याला हा प्रकार समजावून सांगावा लागत नाही. कॅमेरा आधीच चालू असतो, फोकस करताना अंगठा लागलेला असतो, आणि तुम्ही 'रेडी' म्हणून बटण दाबता, तेव्हा तो बंद होतो. मग शेवटी बंद करायला दाबता, तेव्हा चालू होतो. सगळा कार्यक्रम उलटा. नको ते सगळं येतं, हवं तेवढंच येत नाही. पहिल्या महिन्यात एका मंगळसूत्राला माझं असं झालं होतं आणि नवरीच्या बापानं मला मारायचं बाकी ठेवलं होतं. त्यानंतर सात वर्षांत एकदाही नाही.

लाल दिवा मी बघितला होता. खरंच बघितला होता. दाबायच्या आधी बघितला होता.

हे चुकून झालं का? मी तिथं बसून स्वतःला शंभरदा विचारलं. अंगठ्याकडं बघत विचारलं. खाली पोती पडत होती.

दुसरी क्लिप मी शेवटपर्यंत चालू दिली. अंगद आडवा होतो. स्वप्नाली त्याच्या अंगावर चादर घालते. डोळे पुसत कॅमेऱ्याकडं बघते आणि विचारते, "आलं का दादा नीट?" माझा आवाज म्हणतो, "आलं."

आणि मग कॅमेऱ्यामागं, माइकला चिकटून, कुणीतरी हसलं. दबक्या आवाजात, सहा-सात सेकंद. अंगदचे ओठ फ्रेममध्ये दिसत होते, ते बंद होते. स्वप्नालीचेही बंद होते. म्हातारी केव्हाच गेली होती.

मी तिथं हसलो नव्हतो. मी पाय चेपत होतो.

नदीतली क्लिप मी उघडली नाही. आजही उघडलेली नाही.

पावणेपाचला स्वप्नालीचा फोन आला. "पंडितदादा, अंगददादा उठंना झालाय. हाक मारली, हलवलं, पाणी मारलं. श्वास हाय. वडवणीहून डॉक्टर यायलेत." मागं बायकांचा आवाज होता. "आई तिकडून सारखी फोन करायलीय. तिला म्हणलं, आज हसला हुता, लई हसला हुता. तिला खरंच वाटंना. ते आजचं पाठवा ना दादा. तिला दाखवते."

"स्वप्नाली, कार्डाला जरा..." मी म्हटलं.

"निस्ता आवाज असंल तरी चालंल. पाठवा. ती उसाच्या फडातच बसून राह्यलीय, कोयता हातात धरंना."

मला सांगता आलं असतं. सकाळी अंगदला सांगायला घेतलं तसं. पण एका दिवसात दोनदा मला ते जमलं नाही. चौदांतलं एखादं जुनं पाठवावं म्हणून ती क्लिप उघडली. त्यात अंगद उठून बसतो, तोंड उघडतो, खांदे हलतात, आणि आवाज नाही. दुसरी उघडली. तिसरी. चौदाही मुक्या होत्या.

माझ्याकडं हसणं म्हणून एवढंच उरलं होतं. ते सहा-सात सेकंद कापले आणि स्वप्नालीला पाठवून दिले. का पाठवले? ती माझी वाट बघत होती म्हणून. शिवाय वाटलं, ऐकताच कळेल तिला. विचारील, दादा, हे कुणाचं? मग मी सगळं सांगीन, माझी सुटका होईल.

वीस मिनिटं काही आलं नाही. मग तिनं आईचा निरोप मला पुढं पाठवला. सावित्रीमावशींचा आवाज. मागं वारा, उसाच्या पाचटाची सळसळ, कुणीतरी बैलाला हाकलतंय. लहानपणी आई-बाप तोडीला जाईपर्यंत वसतिगृहात अंगदला घरून डबा यायचा, त्यात माझ्याही भाकरी असायच्या. त्या याच बाईच्या हातच्या.

"पंडित, लेकरा, ऐकलं बरं मी. चारदा ऐकलं. आता जिवात जीव आला. त्याचंच हाय, माझ्या अंगदचंच हसणं हाय ते. आई हाय मी, मला वळखू यायचं न्हाई का? तू लई केलंस बाबा त्याचं. झोपू दे त्याला आता, दमला आसंल. उठला की म्हणावं, आईला एक फोन कर."